एकाच डोंग्याचा सौदा

आमच्या नागपूरच्या इतवारीत चांदा जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, वाघ आणि हिवताप. दिवाळीच्या आधी मी तिकडे जाऊन आलो, तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक जण वाघाचंच विचारतो. वाघ मला दिसला नाही. ताप आला नाही. मला भेटलं ते पाणी. त्या मुलखात जंगलाच्या मधोमध एवढाले तलाव आहेत की पलीकडच्या काठावरचं झाड मोहाचं की आंब्याचं ते इकडून ओळखू येत नाही, आणि अशा तलावावर वारा सुटला म्हणजे काय होतं, हे मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तरी मानलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

जायचं कारण सासुरवाडी. माझे सासरे सीतारामजी मोहटोल्याला राहतात. सावलीपासून काही कोसांवर जुना मोठा तलाव आहे, त्याच्या पलीकडच्या काठावरचं हे गाव. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण लग्नाच्या पंगतीतून उठलो तो पुन्हा मी त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं.

त्याचं असं झालं. मी कोष्ट्याचा मुलगा, पण मागावर बसलो नाही. वडील लवकर गेले, माग विकला गेला, आणि मी खांद्यावर गाठोडं टाकून दारोदार गिरणीची लुगडी विकायला लागलो. आज इतवारीत दोन दारांचं दुकान आहे आणि ते उभं करायला कुणाचं बोट लागलेलं नाही. सीतारामजी मात्र कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारे, आणि त्या कामात त्यांच्या तोडीचा माणूस त्या पट्ट्यात नव्हता. लग्नाच्या पंगतीत, मी पहिला घास घेत असताना, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय करता बापा, विणणाऱ्याची पोर विकणाऱ्याच्या घरी चालली." पंगत हसली. मी घास गिळला, आणि ते वाक्यही.

माझी बायको कौसल्या दिवाळीला भावाबरोबर माहेरी जायची. दोन वर्षांपूर्वी तो भाऊ तापात गेला आणि तिचं जाणंही थांबलं. मग यंदा आश्विनात तिच्या वहिनीनं मास्तरांकडून लिहून घेतलेलं कार्ड आलं. मामाजी, म्हणजे सासरे, मागाच्या खड्ड्यात पडले, उजवं अंग गेलं, कौसल्येचं नाव घेतात, असाल तसे निघा. कौसल्येनं ते कार्ड माझ्या गादीवर आणून ठेवलं आणि आत गेली. ती कुठलीही गोष्ट दोनदा मागत नाही. बहुतेक वेळा एकदाही मागत नाही.

मी म्हणालो, उद्या निघू. खरं सांगतो, माझ्या मनात फार चांगलं काही नव्हतं. तिला बाप भेटावा असं वाटत होतं, पण म्हातारा डोळे मिटण्याआधी मलाही त्याला चौदा वर्षांचं ऐकवायचं होतं. ट्रंकेत मी दुकानातलं सगळ्यात तलम कापड भरलं. बघू दे म्हटलं, विकणाऱ्याच्या घरी काय असतं ते.

सावली

छोट्या लाइनच्या गाडीबद्दल लिहीत नाही. डोळ्यांत कोळसा जातो आणि चढ आला की उतरून चालावंसं वाटतं, एवढं पुरे. उमरेड, नागभीड करत मूलला उतरलो आणि मोटारीनं संध्याकाळी सावलीला पोचलो. तिथे रहीमभाई नावाचे शिंपी आहेत. त्यांचं अस्तराचं कापड माझ्याकडून जातं. त्यांनी धर्मशाळेत जाऊ दिलं नाही.

नागपूरचे आम्ही कोष्टी तिखट खाणारे. आमच्या रश्श्यानं पाहुण्याच्या कपाळाला घाम आला नाही तर घरची बाई नाराज होते. रहीमभाईंच्या घरी तलावातली मरळ मासळी होती, थोडं तिखट, थोडी चिंच, आणि बाकी नुसती मासळीचीच चव. सोबत भात. तिकडे पोळी सणाला, भाकर क्वचित, भात मात्र तिन्ही वेळा. सकाळच्या न्याहारीलासुद्धा रात्रीचा भात, पाण्यात भिजवून, मीठ-कांदा लावून. मी हसलो, पण दुसऱ्या दिवशी तोच दोनदा मागून घेतला.

जेवताना रहीमभाईंनी पुढच्या वाटेचं सांगितलं. तलावाच्या कडेनं गाडीवाट आहे, पण पावसाळ्यानंतर दोन नाले अजून भरून वाहत होते. बैलगाडीला दीड दिवस लागेल, नाल्यानं अडवलं तर दोन. डोंग्यानं तलाव ओलांडला तर दीड तास. "पण शेटजी, हस्त नक्षत्र चालू आहे," ते म्हणाले. "सूर्य डोक्यावर यायच्या आत पाण्यावरून उतरून जा. दुपारनंतर तिथला ढीवर कोळीसुद्धा पाण्यात पाय टाकत नाही."

मी मान डोलावली. दीड दिवसाचं काम दीड तासात होतं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

तलावाची पाळ

सकाळी रेंगीनं निघालो. रेंगी म्हणजे त्या भागातली हलकी बैलगाडी. वाटेच्या दोन्ही बाजूंना धान निसवलं होतं आणि लोंब्यांना दुधाचा ओला गोड वास होता. आमच्याकडची ज्वारी डोक्यावरून वर जाते, शेतात शिरलेला माणूस दिसत नाही. इथलं धान कमरेएवढं, त्यामुळे नजर थेट जंगलापर्यंत जाते. कौसल्या माहेरच्या वाटेवर होती. झाडं ओळखत होती, नावं सांगत होती.

तलावाच्या पाळेवर चढलो तेव्हा सूर्य दोन कासरे वर आला होता.  तिन्ही बाजूंना डोंगर आणि त्यांच्या पायथ्यापर्यंत पाणी, काचेसारखं निवांत. काठाशी शिंगाड्याच्या वेलींचा हिरवा गालिचा होता आणि त्यात ढीवर लोक मडक्यांना धरून, छातीएवढ्या पाण्यात शिंगाडे तोडत होते. जरा आत पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. पाळ बांधली तेव्हा बुडालेलं हे जंगल.

डोंगा म्हणजे एका झाडाच्या बुंध्याला कोरून केलेली होडी. लांब, अरुंद, माणूस आत पाय पसरून बसला की दोन्ही बाजूंना वीतभर जागा. काठावर चार-पाच डोंगे ओढून ठेवलेले होते. तिथल्या माणसांत डोमाजी म्हणून साठीचे गृहस्थ होते. अंगानं काटक, कानात बाळ्या, बोलणं कमी. त्यांनी सांगितलं की या दिवसांत दोन डोंगे आडव्या बांबूंनी एकमेकांना बांधून नेतात, त्याला जोडडोंगा म्हणतात. त्यांच्याबरोबर झिबल आपला डोंगा घेऊन येईल.

माणसं आम्ही दोन, ट्रंक एक. दोन डोंगे कशाला? धंद्यात मी हे रोज बघतो. एक धोतर मागणाऱ्याला जोडी घ्यायला लावायची. मी म्हणालो, एकच डोंगा हवा. डोमाजी म्हणाले, "हस्त आहे जी." मी म्हणालो, हस्त असो की चित्रा असो, बसायला जागा एकच लागते. ते पुन्हा म्हणाले, हस्त आहे. दुसरं कारण त्यांनी दिलंच नाही, आणि ज्याच्याकडे एकच कारण आहे तो लवकर खाली येतो असा माझा अनुभव.

मग मी माझी ठेवणीतली युक्ती काढली. सौदा अडला की पाठ फिरवून चालू लागायचं. इतवारीत सात पावलांच्या आत मागून हाक येते. मी स्वतः गिऱ्हाइकाला पाचव्या पावलाला हाक मारतो. इथे मी दहा पावलं गेलो, वीस गेलो, पाळेवरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. हाक आली नाही.

मी वाट बघत बसलो. खाली ते लोक आपापल्या कामाला लागले होते. त्यांनी जाळं वाळत टाकलं, शिदोऱ्या सोडल्या, हात धुतले, एक जण डोंग्याच्या सावलीत आडवा झाला. कौसल्येनं शिंगाडे उकडणाऱ्या बाईकडून पानभर शिंगाडे आणले होते. ती काळी काटेरी सालं सोलून पांढरे गर माझ्या हातावर ठेवत होती. गरम, पिठूळ, किंचित गोड. असे शिंगाडे मी पुन्हा खाल्ले नाहीत, आणि त्या वेळी त्यांची चवही घेतली नाही, कारण माझं लक्ष खाली होतं.

"ते बोलावणार नाहीत," कौसल्या म्हणाली.

"बोलावतील."

"त्यांना काही विकायचं नाही आहे."

मी चिडून तिला गप्प बसवलं. सूर्य डोक्यावर आला आणि कलला. सकाळचा सगळा चांगला वेळ मी त्या झाडाखाली हाकेची वाट बघण्यात घालवला. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला वाटत होतं, मी जिंकत आलो आहे.

शेवटी डोमाजी वर आले. माझ्याकडे नाही, कौसल्येकडे. तिला विचारलं, "तुम्ही कुठच्या वो बाई?" तिनं बापाचं नाव सांगितलं आणि कार्डाचं सांगितलं. डोमाजी खाली बसले. सीतारामजींना दोन्ही काठांवर कोण ओळखत नव्हतं! ते म्हणाले, उद्या पहाटे सगळ्यांच्या आधी पोचवतो, आजची वेळ गेली. कौसल्या पदर तोंडाला लावून पाण्याच्या पलीकडे बघत राहिली. डोमाजींनी आभाळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि खाली जाऊन झिबलला हाक मारली. दोघांनी दोन डोंगे पाण्यात ढकलले, बांबू आणले.

इथे मी गप्प बसलो असतो तर हे लिहायला विशेष काही उरलं नसतं. पण मला वाटलं, ते खाली आलेच आहेत, आता शेवटचा हात मारून घ्यावा. आणि सकाळपासूनचा राग होताच. मी म्हणालो, "दुसरा डोंगा आमच्यासाठी नाही, तुमच्या पोटासाठी आहे. बांधायचा नाही."

झिबल तरणा माणूस. त्यानं हातातला बांबू वाळूत टाकला. "एकटाच ने मंग, डोमाकाका," असं म्हणून तो वळून निघून गेला. पाठ फिरवून गेलेला माणूस खरोखर निघून जातो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

डोमाजींनी घोटाभर पाण्यात उतरून एक डोंगा काठाशी धरला. मग कौसल्येला म्हणाले, "बस, माय."

पाण्यावर

डोंग्यात भाताच्या तणसाचा थर होता, त्यावर बसायचं आणि कडांना हात लावायचा नाही, एवढं त्यांनी सांगितलं. पुढे मी, मध्ये ट्रंक, मग कौसल्या, आणि मागे उभे डोमाजी. उथळ पाण्यात बांबू रेटत, खोल पाण्यात वल्हं मारत. पहिला अर्धा रस्ता इतका सुंदर होता की माझा राग आपोआप उतरला. कमळाची पानं डोंग्याच्या पोटाला घासत होती. पाण्यात डोंगर उलटे दिसत होते. डोमाजी सांगत होते, इथे खाली त्यांच्या आजोबाचं शेत होतं, पलीकडे आंब्याची राई होती, पाळ व्हायची ठरली तेव्हा त्यांच्या बापानं ती तोडली आणि खोडं तशीच उभी ठेवली. पाण्याखालचा हा सगळा मुलूख त्यांना घरातल्या खोल्यांसारखा पाठ होता.

मग पाणकावळे उडाले. सगळे एकदम. डोमाजींचं बोलणं थांबलं.

मी वळून बघितलं तर पश्चिमेच्या डोंगराला माथाच नव्हता. तिथे काळं निळं काहीतरी खाली उतरत होतं, आणि त्याच्या पुढे पाण्यावर एक काळी रेघ आमच्याकडे पळत येत होती. आवाज मागून आला. तिकडे त्याला वावधन म्हणतात.

ज्यांनी नदी पाहिली आहे त्यांना तलावाचा अंदाज येत नाही, म्हणून हे नीट सांगतो. नदीचं पाणी कितीही खवळलं तरी ते एका दिशेनं जात असतं. तलावाच्या पाण्याला जायला जागा नाही. वारा त्याला पाळेवर नेऊन आपटतो, ते तिथून परत येतं, आणि जाणारी लाट आणि येणारी लाट मध्येच एकमेकींना भिडतात. त्या लाटा लांब नसतात. आखूड, उभ्या आणि एकीला लागून दुसरी. एकीतून वर येतो न येतो तोच दुसरी अंगावर. आणि आम्ही बसलो होतो एका गोल बुंध्यात. बुंधा पाण्यात काय करतो? लोळतो. जोडीला दुसरा बांधलेला असेल तरच तो लोळत नाही. दुसरा डोंगा कशाला असतो हे मला तेव्हा, एका लाटेत, कुणी न सांगता समजलं.

मी ओरडलो, मागे वळवा. आणि उठायला गेलो.

"बस खाली," डोमाजी म्हणाले. "चूप बस. आडवा झाला डोंगा का संपलं."

इतक्या वर्षांत मला कुणी अरे-तुरे करून चूप बसवलं नव्हतं. मी बसलो. पाऊस आला आणि काठ दिसेनासे झाले. डोंग्यात पाणी घोट्यापर्यंत चढलं. डोमाजींनी ट्रंक टाका म्हटलं, आणि मी ती ढकलली. त्यातल्या कापडाची मला आठवणही झाली नाही. कौसल्या पितळी डब्यानं पाणी उपसत होती. डब्यातल्या दशम्या वाहत माझ्या पायाशी आल्या.

डोमाजी वल्ह्यानं डोंग्याचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवत होते, पण एका माणसाचं ते काम नव्हतं. दोन वेळा डोंगा फिरायला लागला. समोर तशाच वाळक्या झाडांचे शेंडे लाटांतून वर-खाली होत होते. त्यांना जाऊन धरावं असं मला वाटलं. डोमाजी म्हणाले, झाडाला भिडलो तर दोन आपटण्यांत डोंगा फुटेल. मग त्यांनी बांबू पाण्यात घालून तळ चाचपला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बांबू कशाला तरी टेकला, वरच राहिला. "आंबा," ते म्हणाले, आणि पाण्यात उतरले.

त्यांच्या बापानं ठेवलेल्या खोडावर ते उभे राहिले. पाणी त्यांच्या गळ्याशी. डोंगा कडेनं ओढत त्यांनी दोन्ही हातांनी त्याची पुढची सोंड धरली आणि तिचं तोंड वाऱ्याकडे करून ते तिथे रोवल्यासारखे थांबले. लाट आली की त्यांचं डोकं नाहीसं व्हायचं, लाट गेली की पुन्हा दिसायचं. एका लाटेनंतर ते दिसले नाहीत. मी पुढे पालथा पडलो आणि हात खाली घातला. मनगट हाताला लागलं. ते मी धरलं. ते वर आले, खोकले, पायांनी पुन्हा खोड शोधलं. त्यानंतर मी ते मनगट सोडलं नाही. माझी छाती डोंग्याच्या सोंडेवर, तोंड त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर. त्या अंतरावरून मी त्या माणसाला सकाळपासून पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांच्या डाव्या भुवईवर जुना व्रण होता. ओठ निळे पडत होते. मागून कौसल्येच्या डब्याचा आवाज येत होता, पाणी भरल्याचा आणि ओतल्याचा, एकसारखा, आणि तो आवाज येतो आहे तोवर ठीक आहे एवढंच मला कळत होतं.

"धरून ठेवा," ती मधून मधून म्हणायची. तिचा आवाज रडका नव्हता. घरात मी दुधाचं पातेलं उतरवत असलो की ती म्हणते तसा होता.

मला तो वेळ एका प्रहराएवढा वाटला. डोमाजी नंतर म्हणाले, एक चिलीम ओढायला लागते तेवढाच होता. जसं आलं तसं वावधन पूर्वेच्या डोंगरावरून निघून गेलं. लाटा मात्र त्यानंतरही बराच वेळ इकडून तिकडे आपटत राहिल्या. पाण्याला वारा गेल्याचं उशिरा समजतं.

डोमाजींना आम्ही दोघांनी आत ओढलं. त्यांचे तळपाय खोडानं फाटले होते. कौसल्येनं पदराची पट्टी फाडून बांधली. वल्हं वाहून गेलं नव्हतं, ते मी हातात घेतलं, आणि मागून ते सांगत होते तसं मारत राहिलो. मी त्यांना विचारलं, एवढं माहीत होतं तर आलात कशाला?

"तुमच्यासाठी नाई आलो जी," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "जोड असती तर शिंगाडे खात गेलो असतो."

मोहटोला

काठाला लागलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. कौसल्या ओल्या लुगड्यानं पळतच पुढे गेली. मी डोमाजींना आधार देत मागून गेलो. वाटेत माझे कान त्या घराकडे लागले होते. रडण्याचा आवाज येतो का, हेच ऐकत होतो. तिचा बाप गेला असता तर त्याच्या शेवटच्या भेटीची सकाळ मी झाडाखाली बसून घालवली असं झालं असतं, आणि हे ती मला आयुष्यभर बोलून दाखवणार नव्हती. ते न बोलणंच मला सोसवलं नसतं.

रडणं ऐकू आलं नाही. अंगणात माग उघडा पडला होता, अर्ध्यावर विणलेलं पिवळसर कोशाचं कापड तसंच. आत खाटेवर सीतारामजी होते. केवढा माणूस होता, चादरीखाली आता काहीच नव्हतं. तोंडाची उजवी बाजू उतरलेली, पण डोळे तेच. कौसल्या त्यांच्या छातीवर डोकं ठेवून बसली होती आणि ते डाव्या हातानं तिच्या केसांतलं पाणी निपटत होते.

वहिनीनं डोमाजींना चुलीपाशी बसवलं. मी दारात उभा राहिलो. चौदा वर्षं घोकलेली वाक्यं आठवायचा प्रयत्न केला. एकही पुरतं आठवेना.

सीतारामजींनी विचारलं ते डोमाजींना. शब्द जड, तुटत येत होते, पण कळत होते. "डोमा, या वाऱ्यात आणलं काऊन? जोड होती ना?"

डोमाजी चुलीतलं लाकूड आत सारत राहिले. 

"जोड होती का नाई?"

"मीच म्हटलं, बाबा," कौसल्या म्हणाली. "एकच डोंगा घ्या म्हटलं. जोडायला वेळ लागत होता. मले धीर नव्हता."

लग्नापासून तिला खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिला येतच नाही. मान खाली घालून, एका दमात, पाठ केल्यासारखं म्हणाली. म्हातारा तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत ते हळूहळू खरं ठरत होतं. आपली पोर आपल्यासाठी मरता मरता वाचली, आपण पडलो म्हणून. मला गप्प बसता आलं असतं. माझ्या बाजूनं फायदाच होता. डोमाजी बोलणार नव्हते, ती बोलणार नव्हती.

"नाही मामाजी," मी म्हणालो. "ती काही बोललीच नाही. मी सौदा केला. दुसरा डोंगा मीच नको म्हटलं. आणि सकाळची वेळ होती, तीही मीच घालवली."

बदल्यात काही न मागता मी कुणाला काही दिल्याचं मला आठवत नाही. हे दिलं. म्हातारा आता बोलेल, आणि जे बोलेल ते पंगतीतल्यापेक्षा वाईट असेल, आणि या वेळी ते बरोबर असेल, म्हणून मी तयार उभा होतो.

 त्यांनी डावा हात खाटेच्या कडेवर दोनदा आपटला. बस, असा. मी ओल्या कपड्यांनिशी बसलो.

"मी जलमभर या काठावर राह्यलो," ते म्हणाले. "डोंग्यात पाय नाई ठेवला. भेव लागते." थांबले, दम घेतला. "कसं असते रे?"

मी सांगायला लागलो. पाणकावळे कसे उडाले, काळी रेघ कशी आली, सगळं. या लिखाणातलं बरंचसं मी पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं. ते डोळे मोठे करून ऐकत होते, लहान मुलाला सांगावं तसं सांगावं लागत होतं, आणि मी थांबलो की हातानं, पुढे, अशी खूण करत होते.

"लाट केवढी होती?"

मी उभा राहिलो आणि हात खांद्याला लावला.

"नाई." त्यांनी मान हलवली. "खांद्याएवढी असती तर तू इथी बसला नसता. गुडघा."

"गुडघा? डोमाजींना विचारा."

"माह्या तर गळ्यावरून गेली जी," डोमाजी चुलीपासून म्हणाले. "पण मी पाण्यात उभा होतो. माहं धरू नका."

"बरं, छाती," मी म्हणालो.

"मांडी."

"मामाजी, मांडीएवढ्या लाटेत ट्रंक टाकत नाहीत कुणी."

"भित्रा टाकते. मांडी."

कौसल्या भाताचं भांडं घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. कोरडं लुगडं नेसलेली, केस मोकळे. ती आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"कमर," मी म्हणालो. "याखाली परवडत नाही."

सीतारामजींनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग त्यांच्या तोंडाची जी बाजू चालत होती तिच्यावर हसू आलं आणि ते मुलीला म्हणाले, "वाढ त्याले. कमरेएवढ्या लाटेतून आला आहे."